मळी, मद्यार्क आणि आपले घर



दारूच्या दुष्परिणामांविषयी या पत्रिकेत सविस्तर लिहावे असे आम्ही ठरवले, तेव्हा शेतकी ऑफिसात बसलेल्या एका सभासदांनी आम्हाला लगेच गाठले. म्हणाले, "आसवनी तुमचीच, स्पिरिट काढता तुम्हीच, आन् आम्हाला पिऊ नका म्हणून सांगता व्हय?" प्रश्न रास्त आहे. तो टाळून उपदेश करत बसणे आम्हालाही पटत नाही. म्हणून आपण आसवनीपासूनच सुरुवात करू.

एक टन ऊस गाळला की साखर काढून झाल्यावर साधारण ४० ते ४५ किलो मळी उरते. या मळीत निम्म्याच्या आसपास साखर असतेच, पण ती दाण्याच्या रूपाने काढणे परवडत नाही. आसवनीत ही मळी पाणी घालून पातळ करतात आणि तीत यीस्ट सोडतात. यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म बुरशी. ती साखर खाते आणि दोन वस्तू बाहेर टाकते, एक कर्बवायू आणि दुसरा मद्यार्क. दीड-दोन दिवसांत टाकीतल्या द्रवात ८-१० टक्के मद्यार्क तयार होतो. मग तो उंच मनोऱ्यांत तापवायचा. पाणी १०० अंशांना उकळते, मद्यार्क ७८ अंशांनाच, म्हणून मद्यार्काची वाफ आधी वर जाते. ती थंड केली की जे हाती येते ते ९५ टक्क्यांच्या आसपासचे रेक्टिफाइड स्पिरिट. एका टन उसाच्या मळीतून असे सुमारे १० लिटर स्पिरिट निघते.

इथून त्याला तीन वाटा फुटतात. उरलेले पाणीही काढून टाकले की ते इथेनॉल म्हणून पेट्रोलमध्ये जाते. देशात २००३ साली ५ टक्के मिश्रणापासून या कामास सुरुवात झाली आणि २०२५ साली २० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. दुसरी वाट औषधे, रंग व रसायने यांच्या कारखान्यांकडे जाते. २०२० साली कोरोनाच्या साथीत हात धुण्याचे सॅनिटायझर याच स्पिरिटपासून झाले, हे सर्वांना आठवत असेल. तिसरी वाट बाटलीची. स्पिरिटमध्ये पाणी, थोडा रंग आणि स्वाद मिसळून ते ४२.८ टक्क्यांवर आणले की झाली दारू. देशीच्या बाटलीवर '२५ अंडर प्रूफ' असे छापलेले असते, त्याचा अर्थ हाच. जुन्या इंग्रजी मापाप्रमाणे ५७.१ टक्के मद्यार्क म्हणजे पूर्ण प्रूफ. त्याच्या २५ टक्के खाली आले की ४२.८. देशी काय अन् विदेशी काय, आत मद्यार्क एकच. बाटलीवरचे चित्र आणि किंमत बदलते.

स्पिरिट हा उद्योग आहे आणि उसाला दर देण्यास त्याचा हातभार लागतो, हे झाकून ठेवण्यात काही हशील नाही. परंतु ज्या मालाचे गुण-अवगुण आपल्या प्रयोगशाळेतल्या केमिस्टला तोंडपाठ आहेत, ते त्या मालाच्या धन्याला, म्हणजे सभासदाला, ठाऊक नसावेत हे काही बरोबर नाही. आसवनीत काम करणारा कामगार विडी-काडी दाराबाहेर ठेवूनच आत येतो, कारण आत काय आहे ते त्याला माहीत असते. घरातल्या बाटलीबाबत मात्र आपण तेवढेही सावध नसतो.

क्वार्टरचा हिशेब

दारू पोटात गेली की तिला भाकरीसारखे पचावे लागत नाही. ती जठरातून आणि लहान आतड्यातून सरळ रक्तात उतरते. उपाशीपोटी तर फारच लवकर. तिथून ती मेंदूत पोचते आणि मग आपण म्हणतो 'चढली'. ती उतरवण्याचे काम बहुतांशी एकट्या यकृताचे, म्हणजे लिव्हरचे. यकृत मद्यार्काचे आधी ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात रूपांतर करते आणि मग त्या विषाचा निकाल लावते. या कामाचा वेग ठरलेला आहे. आपल्या गव्हाणीचा जसा ताशी गाळपाचा वेग ठरलेला असतो तसाच. बाहेर कितीही गाड्या ताटकळत उभ्या राहिल्या तरी गव्हाण आपल्याच वेगाने चालते.

आता गणित करू. १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये ७७ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. वजनात तो ६० ग्रॅम भरतो. यकृत ताशी ७ ते १० ग्रॅम उरकते. म्हणजे एका क्वार्टरला सहा ते साडेआठ तास लागतात. रात्री दहाला क्वार्टर मारून झोपलेला ट्रॅक्टरवाला पहाटे चारला दोन ट्रॉल्या जोडून निघतो, तेव्हा त्याला वाटते की झोप झाली, उतरली. वास्तविक तेव्हाही रक्तात दारू शिल्लक असू शकते. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम एवढीच आहे. लिंबू चोखा, ताक प्या, डोक्यावर गार पाण्याची कळशी ओता, यकृताचा वेग वाढत नाही. फार तर एक दारूडा भिजेल.

आणखी एक समज आपल्याकडे पक्का आहे. पौष-माघात रात्रीच्या लाइटीला पाणी धरायला जाताना दोन घोट घेतले की अंग गरम राहते, असे म्हणतात. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतले गरम रक्त वर येते, म्हणून ऊब वाटते. पण तीच उष्णता कातडीवाटे बाहेर निघून जाते आणि शरीर आतून थंड पडत जाते. त्यातून अंधार, ओले हात, मोटारीचा स्टार्टर आणि पाटातला साप. असल्या जागी भान कमी असणे किती महागात पडते ते सांगण्याची गरज नाही.

अंगदुखीचेही तेच. तोडणीच्या टोळीतली माणसे दिवसभर कोयता चालवून, मोळ्या वाहून रात्री कोपीवर येतात. अंग ठणकत असते. दारूने ठणका बधिर होतो, बरा होत नाही. उलट झोप तुटक लागते, लघवीवाटे पाणी जाते आणि सकाळी तेच अंग अधिक जड होऊन उठते. मग पुन्हा संध्याकाळी तेच औषध.

'मला चढत नाही'

पिणाऱ्यांच्या बैठकीत ज्याला पुष्कळ पिऊनही काही होत नाही त्याचा मोठा मान असतो. "अण्णांना दोन क्वार्टर म्हणजे पाणी!" असे कौतुकाने बोलले जाते. डॉक्टरांच्या लेखी हे आजाराचे पहिले लक्षण आहे. रोज दारू मिळू लागली की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो. दारू मेंदूला मंद करते, म्हणून मेंदू स्वतःला अधिक ताणून ठेवतो. आता तेवढ्याच नशेला जास्त दारू लागते, आणि दारू नसेल तेव्हा तो ताणलेला मेंदू मोकाट सुटतो. सकाळी हात थरथरणे, घाम, चिडचिड, मळमळ, आणि एक घोट घेतला की सगळे शांत. असे होऊ लागले की तो माणूस शौकासाठी पीत नसतो. आजार टाळण्यासाठी पीत असतो, आणि तो पिणे हाच आजार. हे समजून न घेता घरची माणसे "मनावर घेतले तर सोडेल की" म्हणतात, तो स्वतःही शपथा घेतो, आणि शपथ मोडली की सगळेच एकमेकांवर चिडतात.

केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्स संस्थेकडून देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यात देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाख लोकांचे पिणे त्रासाच्या पातळीला गेलेले आहे असे आढळले. दारूवाचून चालत नाही अशा ३८ जणांत एखाद्यालाच काही ना काही उपचार मिळतात. उरलेले ३७ जण कुठे असतात? ते आपल्या पारावर, गुत्त्यासमोर, आणि पुष्कळदा आपल्याच सोप्यात असतात.

यकृताचे काय होते तेही सांगितले पाहिजे. आधी त्यात चरबी साठते. या टप्प्यावर दारू थांबवली तर ते पूर्ववत होऊ शकते. पुढे सूज येते. त्याही पुढे ते आक्रसून, गाठाळून निबर होते, आणि तिथून मागे फिरणे अवघड असते. डोळे पिवळे पडतात, पोटात पाणी भरते, पाय काडीसारखे होतात, रक्ताची उलटी होते. आपल्याकडे डोळे पिवळे दिसले की कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन गळ्यात माळ घालतात. ती माळ दिवसागणिक लांब होत जाते आणि उपचाराचे दिवस कमी होत जातात. दारू पिणाऱ्याची कावीळ दवाखान्यातच दाखवावी.

'थोडी घेतली तर हृदयाला बरी' असे सुशिक्षित मंडळी सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला कर्करोगास निश्चित कारणीभूत ठरणाऱ्या वस्तूंच्या यादीत १९८८ सालीच घातले, आणि ज्याने काहीच अपाय होत नाही असे दारूचे प्रमाण दाखवता येत नाही, असे त्या संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले. सोबत तंबाखूचा बार असेल तर तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो.

सोडताना घ्यायची काळजी

या लेखातला हा भाग घरातल्या माउल्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. वाचता येत नसेल तर मुलांकडून वाचून घ्यावा.

आपल्या भागात दारू सोडण्याचा जुना आणि चांगला मार्ग म्हणजे माळ घालणे. पंढरीला जाऊन तुळशीची माळ घातली, त्या दिवसापासून बाटलीला शिवलो नाही, असे सांगणारी माणसे प्रत्येक गावात आहेत आणि आम्हाला त्यांच्याविषयी आदर आहे. पण जो गडी वर्षानुवर्षे रोज सकाळ-संध्याकाळ पितो, त्याने डॉक्टरला न विचारता एकाएकी थांबणे धोक्याचे असते. हा धोका फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. थांबल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास माणूस बरळू लागतो, अंगावर किडे-मुंग्या चढल्यासारखे करतो, नसलेली माणसे त्याला दिसतात, घरच्यांना ओळखत नाही, ताप व घाम येतो. घरचे म्हणतात बाधा झाली, बाहेरचे लागले, आणि त्याला देवऋषाकडे नेतात. ही बाधा नव्हे. दारू एकाएकी तुटल्याने मोकाट सुटलेला मेंदू तो. यात उपचाराविना माणूस दगावतो. पाय मोडून दवाखान्यात पडलेल्या, नाहीतर पोलिस कोठडीत बसलेल्या माणसालाही असेच होते, कारण तिथेही त्याची दारू अचानक तुटलेली असते. अपघाताचा पेशंट नेला तर रोज पितो हे डॉक्टरला आधीच सांगा, लाजू नका.

उपचार अवघड नाहीत. मेंदू शांत करणारी औषधे सुरुवातीला पुरेशी देऊन हळूहळू कमी करत आठ-दहा दिवसांत बंद करतात. जोडीला बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात, कारण पिणाऱ्याच्या शरीरात या जीवनसत्त्वाचा खडखडाट असतो. 'एक सलाईन लावा, तरतरी येईल' म्हणून नुसते ग्लुकोज चढवणे अशा माणसाच्या मेंदूला घातक ठरू शकते. बी-१ आधी हवे. एवढे करून, देहाची तडफड शांत झाल्यावर मग माळ घालावी, नवस फेडावा, वारी करावी. मनाला धरून ठेवायला आधार लागतोच.

दुसरी गोष्ट गुपचूप पावडरीची. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती रंगवलेल्या असतात. चहातून, आमटीतून द्यायच्या या पुड्यांत पुष्कळदा डायसल्फिराम नावाचे औषध असते. हे मूळचे रबराच्या उद्योगातले रसायन. त्याचा दारूवर होणारा परिणाम डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १९४८ साली जगापुढे मांडला. ते काय करते? वर सांगितलेल्या ॲसिटाल्डिहाइडचा निकाल लावण्याचे यकृताचे काम ते बंद पाडते. मग वर दारू प्यायली की ते विष अंगात साचते. तोंड लालबुंद होते, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब एकदम उतरतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली, रुग्णाला सगळे सांगून, त्याच्या संमतीने दिले तर हे औषध उपयोगी पडते. न सांगता दिले तर बिचारी बायको नवरा वाचवायला जाते आणि त्याचा जीव धोक्यात घालते. या पुड्या घेऊ नयेत.

हातभट्टी आणि आंधळे करणारी दारू

हातभट्टीत आपला संबंध गुळाशी येतो. सडका काळा गूळ आणि नवसागर यांचे रसायन आंबवून, पिंपात उकळून ही दारू काढतात. तीत किती मद्यार्क आहे, पिंप कशाचे होते, आत काय पडले होते, कुणाला पत्ता नसतो. तथापि माणसे एका रात्रीत रांगेने मरतात ती बहुधा वेगळ्याच कारणाने. ते कारण म्हणजे मिथेनॉल.

मिथेनॉल हा मद्यार्काचा भाऊ शोभेल असा द्रव आहे. दिसायला तसाच, वासाला व चवीला जवळपास तसाच, आणि स्वस्त. रंग, वॉर्निश व रसायनांच्या उद्योगात तो लागतो. मळीच्या स्पिरिटमध्ये तो नावालाही मुश्किलीने सापडतो. विषारी दारूत तो येतो तो कुणीतरी चोरलेले औद्योगिक पिंप आणून मिसळल्यामुळे. यकृत त्याचे फॉर्मिक आम्ल बनवते आणि ते आम्ल डोळ्यांच्या नसा जाळते. १० मिलिलिटर एवढ्या शुद्ध मिथेनॉलनेही दृष्टी जाऊ शकते, ३० मिलिलिटर जिवावर बेतू शकते. काडी ओढून निळी ज्योत दिसली की दारू चांगली, ही परीक्षा निव्वळ फसवी आहे. मिथेनॉलही फिकट निळेच जळते.

मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये अशा दारूने १०० हून अधिक माणसे गेली. गुजरातेत, जिथे दारूबंदी आहे तिथेच, बोटाद भागात जुलै २०२२ मध्ये ४० हून अधिक गेली. तमिळनाडूत कल्लकुरिची येथे जून २०२४ मध्ये ६० हून अधिक. मेलेले बहुतेक हातावर पोट असलेले.

यात घातकी गोष्ट म्हणजे मधला काळ. प्यायल्यावर बारा ते चोवीस तास माणूस साधारण बरा दिसतो. मग डोके दुखते, पोटात मुरडा येतो, ओकाऱ्या होतात, डोळ्यांपुढे धुके किंवा बर्फ पडल्यासारखे दिसते, धाप लागते. घरचे म्हणतात जास्त झाली, झोपू द्या. झोपू देऊ नये. मोठ्या सरकारी दवाखान्यात ताबडतोब न्यावे, आणि सोबत ज्यांनी ती दारू घेतली त्यांना धट्टेकट्टे दिसत असले तरी न्यावे. वेळेत पोचल्यास यावर उतारा आहे, रक्त शुद्ध करणारे डायलिसिस आहे. पोलिसांच्या भीतीने उशीर करू नये.

बारा गुंठे

आता पैशाकडे वळू. समजा, एक सभासद रोज १०० रुपये दारूवर घालवतो. वर्षाचे झाले ३६,५००. तोडणी-वाहतूक वजा जाता हाती येणारा दर टनाला ३,००० रुपये धरला तर हे १२ टनांहून अधिक उसाचे पैसे. एकरी ४० टन उतारा म्हणजे गुंठ्याला एक टन. म्हणजे हा गृहस्थ दर साली बारा गुंठे ऊस बाटलीत लावतो. बेणे, खत, पाणी, भांगलण, सगळे करून.

अजून गंमत पाहा. एका टन उसाच्या मळीतल्या १० लिटर स्पिरिटची सुमारे १२० क्वार्टर दारू होते. ती १२० क्वार्टर १०० रुपयांनी विकत घ्यायची तर १२,००० रुपये, म्हणजे चार टन ऊस. एका टनाची मळी कारखान्याला घालायची आणि तीच परत प्यायला चार टन मोजायचे! मधले तीन टन कर, वाहतूक, बाटली आणि दुकानदार यांच्यात वाटले जातात. असा व्यवहार शुद्धीवर असलेला कोणताही शेतकरी करणार नाही.

आणि १०० रुपये हा नुसता बाटलीचा खर्च झाला. खोडव्याला पाणी वेळेवर न गेल्याने घटलेला उतारा, सोसायटीचे थकलेले हप्ते, सावकाराचा कागद, पोरीची मोडलेली शाळा यांचा भाव कोणत्या दराने लावायचा? ऊसबिल जमा होण्याच्या दिवशी बँकेच्या दारात नवऱ्याची वाट पाहत बसलेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. ज्यांना जमेल त्या सभासदांनी ऊसबिलाचे खाते पत्नीबरोबर जोडखाते करून घ्यावे. नशेत मारहाण होत असेल तर ती घरगुती बाब म्हणून सोसण्याची गोष्ट नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने त्या स्त्रीला त्याच घरात राहण्याचा आणि संरक्षण मागण्याचा हक्क दिला आहे.

इतर नशांबद्दल थोडे. 'ब्राउन शुगर' या नावाचा आणि साखरेचा काडीचा संबंध नाही. ती अशुद्ध हेरॉइन, आपल्याकडे तिला गर्द म्हणतात. गांजाबाबत मात्र ऊसकऱ्यास थेट सावध केले पाहिजे. उंच उसात चार झाडे कोण पाहतो, असे म्हणून कुणी वाटेकरी ती लावतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यान्वये गांजाच्या लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्या मालकालाही तो कायदा सोडत नाही. आपल्या फडात अधूनमधून आत शिरून पाहत जावे.

कुठे जावे

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे व्यसनावर उपचार होतात. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, पु. ल. देशपांडे यांचा त्याला मोठा हातभार लागला. तिथे रुग्णाबरोबर घरच्यांनाही बसवून समजावले जाते. १९३५ साली अमेरिकेत दोन दारूड्यांनी एकमेकांना सावरण्यासाठी सुरू केलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा आता महाराष्ट्रातही भरतात. तिथे फी नाही, नाव-गाव विचारत नाहीत. केंद्र सरकारचा नशामुक्तीचा मोफत फोन १४४४६ आहे.

गावातले दुकान बंद करायचे असेल तर कायद्यात वाट आहे. महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेतात, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रे असतात. इथे एक मेख आहे. निम्म्याहून अधिक मते लागतात ती एकूण नोंदलेल्या मतदारांच्या हिशेबाने, झालेल्या मतदानाच्या नव्हे. जी बाई त्या दिवशी भांगलणीला गेली तिचे मत उभ्या बाटलीला पडल्यासारखेच. मुंबईला गेलेल्या लेकीसुनांची आणि मयतांची नावे यादीत तशीच राहिली तर तीही बाटलीच्याच बाजूने उभी राहतात. तेव्हा अर्ज करण्याआधी तलाठी व ग्रामसेवकांकडून मतदार यादी साफ करून घ्यावी, आणि मतदानाचा दिवस लागणीच्या नाहीतर तोडीच्या घाईत येणार नाही असे पाहावे. असा अर्ज करणाऱ्या भगिनींना यादी तपासण्याच्या कामात आपल्या शेतकी विभागाचे कर्मचारी गटवार मदत करतील. गट ऑफिसात नाव सांगितले की पुरे.